एका मोठ्या संख्येची कसोटी

ज्या पूर्णसंख्येस १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, तिला मूळ संख्या म्हणतात, हें आपण अंकगणितांत शिकलोंच आहों. ७ किंवा १७ मूळ आहे कीं नाहीं, हें सांगावयास क्षणही लागत नाहीं. पण संख्या मोठी झाली कीं भल्याभल्यांची फसगत होते. ४,२९,४९,६७,२९७ या संख्येची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

सतराव्या शतकांत फ्रान्समधील तूलूझ शहरीं फर्मा नांवाचा एक न्यायाधिकारी होऊन गेला. गणित हा त्याचा फुरसतीचा व्यासंग. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकांत १ मिळविला असतां ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ आहेत. यावरून अशा सर्वच संख्या मूळ असल्या पाहिजेत, असें अनुमान त्यानें १६४० सालीं पत्रांतून मांडलें. मात्र सिद्धता आपणांस साधली नाहीं, हेंही सांगितलें. यापुढची संख्या म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १. हीच आपली वरील संख्या. तिची पुरती परीक्षा करावयाची तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल!

१७३२ सालीं ऑयलर या गणित्यानें दाखवून दिलें कीं, ही संख्या ६४१ × ६७,००,४१७ इतकी आहे. पुढें त्यानें असेंही सिद्ध केलें कीं, हिच्या कोणत्याही भाजकास ६४ नें भागलें असतां बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. म्हणजे पांचव्याच प्रयत्नांत भाजक हातीं लागतो.

भागाकार न करतांही याचा पडताळा पाहतां येतो. ५ × १२८ म्हणजे ६४०; हा गुणाकार ६४१ हून १ नें कमी आहे. उणे एकाचा चौथा घात १ होतो. म्हणून ६४० चा चौथा घात ६४१ च्या कोणत्या तरी पटीहून १ नें अधिक असला पाहिजे. १२८ हा २ चा सातवा घात असल्यामुळें ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. आतां ६२५ च्या जागीं ६४१ उणे १६ लिहा. ६४१ चा भाग निःशेष जातो, व उरतो तो उणे १६ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, म्हणजेच उणे २ चा बत्तिसावा घात. हा ६४१ च्या पटीहून १ नें अधिक. अर्थात् २ चा बत्तिसावा घात अधिक १ ही ६४१ चीच पट होय.

फर्माचें अनुमान ढासळलें, तरी त्याच्या संख्या वायां गेल्या नाहींत. १७९६ सालीं गाउस या अठरा वर्षांच्या तरुणानें त्यांच्याच आधारें, केवळ पट्टी व कंपास यांच्या साह्यानें सतरा भुजांची सुसम आकृति काढतां येते, हें सिद्ध केलें. फर्माच्या मालिकेंतील सहावी मूळ संख्या मात्र अद्यापि कोणासही सापडलेली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, पांच उदाहरणें जुळलीं म्हणजे नियम सिद्ध झाला, असें नव्हे. थोरांचें मतही सिद्धतेच्या कसोटीवर घासूनच घ्यावें लागतें, व ती कसोटी लहानथोर सर्वांस सारखीच असते.