बुद्धिबळातील बैजिक नोंदपद्धती आणि देवनागरी लेखन : एक विवेचन

प्रस्तावना :
नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. तेथील डाव धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यालाही पटावर पुन्हा मांडून पाहता येतात, ते बैजिक नोंदपद्धतीमुळे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने ही नोंद मराठीत करावी काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांची चौकट :
जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या (फिडे) नियमांनुसार दीर्घ कालमर्यादेच्या डावात प्रत्येक चाल सुवाच्यपणे लिहिणे बंधनकारक आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार म्हणून बरोबरीचा दावा करताना खेळाडूस आपली चाल प्रथम नोंदपत्रिकेवर लिहावी लागते. म्हणजेच संदिग्ध नोंदीमुळे अर्धा गुण धोक्यात येऊ शकतो. मोहऱ्यासाठी स्वदेशात प्रचलित नावाचे आद्याक्षर वापरण्याची मुभा आहे. घराचे नाव मात्र रोमन लिपीतील ए ते एच ही लहान अक्षरे आणि १ ते ८ हे अंक यांनीच लिहावयाचे असते. प्याद्याला अक्षर नसते.

देवनागरीतील अडचण :
राजा, वजीर, हत्ती, उंट व घोडा यांसाठी रा, व, ह, उं, घो ही अक्षरे सहज सुचतात. शाळेच्या तुकड्यांप्रमाणे उभ्या ओळींनाही अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह म्हटले, तर 'घोफ३' ही चाल निःसंदिग्ध राहते. दोन घोडे एकाच घरात जाऊ शकत असल्यास 'घोबड२' असे लिहून ब ओळीतील घोडा दर्शविता येतो. परंतु 'ह×ग३' म्हणजे हत्तीने मारले की ह ओळीतील प्याद्याने? इंग्रजीत उंट आणि दुसऱ्या ओळीतील प्यादे यांचे अक्षर 'बी' हेच आहे. तेथे मोठ्या व लहान लिपीमुळे भेद कळतो. देवनागरीत ही सोय नाही.

उपाय :
स्पर्धेत मोहऱ्याचे अक्षर मराठीत व घराचे नाव रोमन लिपीत लिहावे. हे नियमास धरून आहे आणि त्यामुळे संदिग्धताही उरत नाही. अध्यापनासाठी संपूर्ण देवनागरी नोंद हवी असल्यास हत्तीसाठी 'हत्' लिहावे. किल्लेकोटाची ०-० व ०-०-० ही चिन्हे भाषानिरपेक्ष असल्याने तशीच ठेवावीत. बढतीच्या वेळी प्याद्याच्या चालीनंतर नव्या मोहऱ्याचे अक्षर लिहावे, उदा. 'इ८व'.

समारोप :
मातृभाषेतील नोंद नियमबाह्य नाही. मात्र तिचे संकेत एकसारखे असणे आवश्यक आहे. शालेय प्रशिक्षणाच्या आरंभीच ते ठरवून घेतल्यास मराठी विद्यार्थ्याची नोंदपत्रिका कोणत्याही पंचापुढे ग्राह्य ठरू शकेल.