फॉक्सकॉन: नाव दुसऱ्याचं, कारखाना आपला

आयफोनवर नाव ॲपलचं असतं, पण सर्वाधिक आयफोन जोडते ती तैवानची फॉक्सकॉन. तिचं मूळ नाव होन हाय. मी सर्व्हिस कंपनीत कोड लिहितो आणि तो ग्राहकाच्या नावाने बाजारात जातो. त्यामुळे 'काम आपलं, नाव दुसऱ्याचं' या धंद्याचं गणित मला समजून घ्यायचं होतं. चला, बघूया.

सुरुवात बटणांपासून

१९७४ मध्ये टेरी गौ यांनी साधारण साडेसात हजार डॉलरच्या भांडवलावर कंपनी काढली. माल काय? टीव्हीचं चॅनेल बदलायची प्लास्टिकची बटणं. प्लास्टिक वितळवून साच्यात दाबलं की बटण तयार. म्हणजे खरं कौशल्य साच्यात आहे. साचा अचूक असेल तर लाखो भाग तंतोतंत सारखे निघतात. गौ यांनी साचे स्वतः बनवण्यात पैसा घातला.

१९८० मध्ये अटारी या गेम कंपनीच्या जॉयस्टिकसाठी कनेक्टरचं काम मिळालं. मग कॉम्प्युटरचे कनेक्टर. १९८८ मध्ये चीनमधल्या शेनझेनला कारखाना निघाला. तिथे जमीन स्वस्त होती आणि गावांकडून कामासाठी येणारी तरुण मुलं भरपूर होती. पुढे १९९६ मध्ये कॉम्पॅकची कॅबिनेट बनवायचं काम आलं. आता विचार करा, कॅबिनेट देणाऱ्यानेच आत केबल आणि इतर भाग बसवून दिले तर ग्राहकाची केवढी धावपळ वाचते! असं करत करत कंपनी सुट्या भागांवरून पूर्ण वस्तूपर्यंत पोचली.

शंभरात किती उरतात?

२०२३ मध्ये कंपनीची विक्री होती सुमारे ६.१६ लाख कोटी तैवानी डॉलर आणि निव्वळ नफा सुमारे १४,२०० कोटी. म्हणजे शंभरामागे जेमतेम सव्वादोन. त्याच वर्षी ॲपलला शंभरामागे साधारण २५ उरले. अर्थात फॉक्सकॉनच्या विक्रीत महागड्या सुट्या भागांची किंमतही धरलेली असते, म्हणून टक्का आणखी लहान दिसतो.

सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की त्याची दुसरी प्रत जवळपास फुकट निघते. फोनचं तसं नाही. प्रत्येक फोनला नवे भाग लागतात, नवे हात लागतात. इतक्या कमी नफ्यात टिकायचं तर प्रचंड संख्या हवी आणि खर्चाचा प्रत्येक पैसा आवळायला हवा. हा ताण शेवटी कामगारावर येतो. २०१० मध्ये शेनझेनच्या कारखान्यांत दहाहून अधिक कामगारांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर कंपनीने पगार वाढवले आणि इमारतींना जाळ्याही लावल्या.

आपल्याकडे काय झालं?

ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी ५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. तो प्रकल्प उभा राहिला नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा अनुभव वेगळा नाही. २०१७ मध्ये तिथे १० अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांची घोषणा झाली. २०२१ च्या सुधारित करारात ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या उरल्या. वेदांतासोबतचा चिपचा प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला जाणार म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली.

दुसरीकडे तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यात खरंच आयफोन बनतात. चेन्नईचं बंदर आणि विमानतळ जवळ, आणि नोकियाच्या काळापासून त्या भागात मोबाइल बनवायचा अनुभव.

त्यामुळे पुढच्या वेळी 'हजारो कोटींची गुंतवणूक' अशी बातमी वाचाल तेव्हा आकड्यापेक्षा तीन गोष्टी बघा. जमीन ताब्यात आली का? कामगारांच्या राहण्याची सोय काय? आणि इथे नुसती जोडणी होणार, की साचे आणि कनेक्टरही बनणार? फॉक्सकॉन स्वतः मोठी झाली ती या शेवटच्या कामावर.