जुनी गाडी, नवा मुलूख

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. तेव्हा रोगनिदान किंवा औषधोपचार यांवर लिहिण्याऐवजी डॉक्टरांच्या रोजच्या जीवनातला, पण सहसा लेखणीखाली न येणारा विषय निवडावा असे वाटले. हा विषय म्हणजे जुनी मोटारगाडी. मी दोन वेळा नव्या मुलखात बस्तान बसवले आणि दोन्ही वेळा पहिली मोठी खरेदी जुन्या गाडीचीच केली. पहिली २०१२ साली इंग्लंडमध्ये आणि दुसरी २०२० साली इकडे परतल्यावर, कोल्हापुरात. पहिल्या खेपेस समुद्र ओलांडला होता, दुसऱ्या खेपेस केवळ कोगनोळीचा नाका. तरीही दुसरी सीमा ओलांडणे पहिलीपेक्षा अधिक किचकट ठरले. त्या अनुभवातून हाती आलेले चार शब्द व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावेत, हाच या लेखाचा हेतू.

नव्या मुलखात गेलेला माणूस जुनीच गाडी का घेतो, याचे उत्तर सोपे आहे. तेथे त्याची पत नसते. बँकेला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, नोकरीची मुदत ठरलेली नसते आणि गाठीशी असलेले पैसे घरभाड्याच्या अनामत रकमेत अडकलेले असतात. त्यातच रात्री-अपरात्री हाकेला जावे लागणाऱ्या डॉक्टरला गाडीवाचून चालत नाही. गरज निकडीची आणि माहिती तोकडी, अशा अवस्थेतील गिऱ्हाईक कोणत्याही बाजारात फसण्याची शक्यता अधिक असते.

साहेबाच्या देशातील पद्धत

इंग्लंडमध्ये मला दोन रुग्णालयांत आळीपाळीने काम करावे लागे आणि पहाटेच्या पाळीला बस मिळत नसे. त्या काळी ‘ऑटो ट्रेडर’ नावाचे जाहिरातींचे जाडजूड साप्ताहिक निघत असे. २०१३ साली त्याची छापील आवृत्ती बंद झाली. त्यातूनच एक आठ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी मी अठराशे पन्नास पौंडांना घेतली. वाहने डाव्या बाजूनेच चालत असल्यामुळे आपल्याकडचा सराव कामी आला. भारतीय परवान्यावर तेथे स्थायिक झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर मात्र लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देऊन तेथील परवाना मिळवावा लागतो.

मला नवल वाटले ते गाडीच्या इतिहासाचे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीला सहसा दरवर्षी ‘एमओटी’ नावाची तपासणी करून घ्यावी लागते. १९६० साली ही पद्धत सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांच्या गाड्यांपुरती होती. १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाड्यांना लागू झाली. ब्रेक, टायर, दिवे, धूर आणि गंज या साऱ्यांची त्यात नोंद होते. शिवाय त्या दिवशी गाडी किती मैल चालली होती, हेही लिहिले जाते. पुढे या नोंदी संगणकावर आल्या. आज कोणीही गाडीचा क्रमांक घालून त्या विनामूल्य पाहू शकतो. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी एकाएकी मागे गेलेला दिसला, तर विक्रेत्याचे पितळ जागीच उघडे पडते.

नोंदणीच्या कागदाला तेथे ‘व्ही-फाइव्ह-सी’ म्हणतात. त्यावर गाडी ‘बाळगणाऱ्या’चे नाव असते आणि हा कागद मालकीचा पुरावा नव्हे, असे त्यावरच स्पष्ट छापलेले असते. म्हणून गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, ती अपघातात निकामी ठरली होती का, याची चौकशी थोडे पैसे भरून स्वतंत्रपणे करावी लागते. विम्याचे प्रकरण मात्र जड गेले. भारतात वर्षानुवर्षे निर्धोकपणे गाडी चालवल्याचे माझे प्रशस्तिपत्र तेथील विमा कंपनीने जमेस धरले नाही. गाडी अठराशे पन्नास पौंडांची आणि पहिल्या वर्षाचा विमा नऊशेचा! पत ही माणसाबरोबर समुद्र ओलांडत नाही, हा धडा तेथे मिळाला.

कोल्हापूर ते खडेबाजार

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही परत आलो आणि खडेबाजारातील घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना सुरू केला. बाजारपेठेतल्या त्या गर्दीत मोठी गाडी परवडणारी नव्हती. बेळगावकरांना कोल्हापूर काही परके नाही. अंतर जेमतेम एकशे दहा किलोमीटर, निम्मे नातेसंबंध तिकडचे आणि भाषा एकच. इकडे उद्यमबाग तर तिकडे उद्यमनगर. साहजिकच नातेवाइकांच्या ओळखीने कोल्हापुरातीलच एका निवृत्त प्राध्यापकांची पाच वर्षे वापरलेली गाडी पाहायला गेलो.

चहा झाल्यावर मी किल्लीसाठी हात पुढे केला, तेव्हा सरांनी कागदांची पिशवी समोर ठेवली. ते म्हणाले, “डॉक्टर, आधी कागद बघा, मग गाडी. तुम्ही रोग्याला तपासण्याआधी विचारपूस करताच की!”

या एका वाक्यात जुनी गाडी घेण्याचे सारे शास्त्र आले आहे. आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली. आधुनिक वैद्यकातही पूर्वेतिहास आधी आणि तपासणी नंतर. आपण मात्र गाडी घेताना हा क्रम उलटा करतो. रंग आणि गादी पाहून मन बसते आणि मग कागदांतील उणिवांकडे डोळेझाक होते.

पिशवीत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि पाचही वर्षांच्या देखभालीच्या पावत्या होत्या. पावत्यांवरील किलोमीटरचे आकडे मी तारीखवार मांडले. आपल्याकडे खासगी मोटारींना दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही. पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. त्यामुळे अशा पावत्या हीच आपली ‘एमओटी’.

त्यानंतर गाडीची पाळी. २०१९ च्या ऑगस्टमधील पंचगंगेचा महापूर ताजा होता आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्याची चर्चा होती. म्हणून सोबतच्या फिटरने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, कारण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. डिकीतील स्टेपनीखालचा खळगा, सीटखालचे पोलादी पाय आणि डॅशबोर्डखालच्या तारांचे जोड हीही पुराची साक्ष देणारी ठिकाणे आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला, त्यामुळे ही तपासणी आजही सोडू नये.

इंजिन थंड असतानाच सुरू करावे. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे, काळा आला तर इंधन पुरते जळत नाही आणि दाट पांढरा धूर थांबेचना तर इंजिन थंड ठेवणारे पाणी आत शिरते आहे, असा साधारण अर्थ. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. टायर गाडीइतकेच जुने असतील आणि त्यांची नक्षी शाबूत असेल, तर किलोमीटरच्या कमी आकड्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. शेवटी चासी व इंजिनाचा क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

पाटीचा प्रश्न

गाडी पसंत पडली, व्यवहार ठरला आणि खरा प्रश्न पुढे आला. गाडीची पाटी ‘एमएच-०९’, माझा पत्ता खडेबाजार. आमच्या ओळखीच्या एका एजंटाने सल्ला दिला, “कशाला हो डॉक्टर, टॅक्साच्या खर्चात पडता? बारा महिने मुभा आहे. नंतरचं नंतर बघू की!”

सीमाभागात हा सल्ला घरोघरी मिळतो आणि त्यात अर्धेच सत्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे खरा. पण तो एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात ठेवण्याबाबत आहे. मालक बदलला की कलम ५० लागू होते. विकणाऱ्याने गाडी परराज्यात जात असल्यास पंचेचाळीस दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आपल्या इकडच्या कचेरीत त्याला निराक्षेपणा पत्र म्हणतात. शब्द निराळा, कागद तोच. ते देण्यापूर्वी गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा अहवाल आणि कर थकलेला नाही याची खात्री करून घेतली जाते. म्हणजे जो कागद आपल्याला कटकट वाटतो, तोच वस्तुतः घेणाऱ्याचे संरक्षण करतो.

मग आपल्या राज्याचा आजीवन कर भरावा लागतो. हा कर आपण दिलेल्या किमतीवर नव्हे, तर गाडीची मूळ किंमत आणि वय यांवर ठरतो. स्वस्तात मिळालेली परराज्यातील गाडी घरी येईपर्यंत महाग पडते, याचे कारण हेच. मूळ राज्यात आगाऊ भरलेल्या कराच्या उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो, पण त्यासाठी अर्ज आणि चिकाटी दोन्ही लागतात. म्हणून भाव करण्यापूर्वीच कराचा हिशेब मांडावा. २०२१ च्या सप्टेंबरपासून आलेली ‘बीएच’ मालिका ही अडचण दूर करते. परंतु ती सरकारी व संरक्षण खात्यातील नोकरांसाठी आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असणाऱ्या खासगी संस्थांच्या नोकरांसाठी आहे. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचा उपयोग नाही.

पाटी न बदलण्यामागे केवळ पैशाचा विचार असतो असेही नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण ज्या प्रश्नासह जगत आलो, त्याची छाया गाडीच्या पाटीवरही पडते. ‘एमएच’ ही अक्षरे पाहून आमच्या गल्लीतील काही ज्येष्ठांचे डोळे लकाकले, हे मी पाहिले आहे. “राहू दे की डॉक्टर, आपलीच पाटी आहे,” असे एका आजोबांनी सांगितले, तेव्हा मला चटकन उत्तर सुचले नाही. पण भावना घरात, भाषेत, ग्रंथालयात आणि नाट्यगृहात जपावी. आरटीओच्या नोंदीवर तिचा भार टाकू नये, असे माझे मत झाले. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्हीकडे पाटी हीच खूण ठरली. मध्यरात्री अत्यवस्थ रुग्णाकडे निघालेल्या डॉक्टरच्या गाडीने कोणाचेही लक्ष वेधून घेऊ नये, हेच बरे.

नाव कोणाचे, दायित्व कोणाचे

याहून गंभीर बाब विकणाऱ्याची आहे. इंग्लंडमधील कागदावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. आपल्याकडे उलट आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी एकापाठोपाठ एक अशी चार हातांतून गेली होती, पण नोंदणीतील नाव पहिल्याचेच राहिले. तिच्या अपघातात जीव गेला तेव्हा नुकसानभरपाईचे दायित्व त्या नोंदणीकृत मालकावरच आले. कोऱ्या अर्जांवर सह्या करून गाडी देऊन टाकणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णय ध्यानात ठेवावा. कोल्हापूरचे सर कागदांविषयी इतके काटेकोर का होते, हे मला तेव्हा पुरते उमगले.

विम्याबाबतही एक बारकावा आहे. मालक बदलल्यावर तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येते, मात्र त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. विनादावा सवलत तर माणसाची असते, गाडीची नव्हे. ती विकणाऱ्याबरोबरच जाते. दलालामार्फत व्यवहार करणाऱ्यांनी हेही पाहावे की, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे प्राधिकारपत्र लागते. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर नोंद झाली की, पुढील जबाबदारी त्याची ठरते.

सरांनी ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत गाडी आपल्याच दारात ठेवली आणि उरलेली रक्कमही तोवर घेतली नाही. पुढे काही आठवड्यांनी ‘केए-२२’ ची पाटी लागली. करापोटी दिलेले पैसे मनाला लागले, हे खरे. पण त्यानंतर निपाणी, संकेश्वर, चंदगड, सावंतवाडी अशा कोणत्याही वाटेवर रात्री कोणी हात दाखवून गाडी थांबवली, तर छातीत धडधडत नाही. डॉक्टरच्या झोपेचे मोल आपण सारे जाणतो.

यंदाही आपल्यापैकी काही जणांची मुले-मुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जातील, काही तरुण डॉक्टर दंपती सांगली-मिरजेकडून इकडे येऊन दवाखाना थाटतील. त्यांच्या पहिल्या जुन्या गाडीला दीर्घायुष्य लाभो आणि तिचा पूर्वेतिहास निर्मळ असो, ही सदिच्छा!