रविवारी जमलं, सोमवारी गेलं कुठे?

समजा, पोशीरमध्ये घरी बसून तुम्ही हौसेनं ब्लूज गिटार शिकताय. बारा बारचा साचा; ई, ए आणि बी-सेव्हन, बस. रविवारी तासभर एकच कॉर्डबदल घोटलात. शेवटी मेट्रोनोमच्या ९० वर जमलं, वहीत लिहिलं: ९०. सोमवारी ७० लाच बोटं अडखळली. मग खरा आकडा कुठला?

सरावाच्या शेवटी दिसते ती कामगिरी. मध्ये वेळ गेल्यावरही उरतं ते शिकणं. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एका गटानं एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्यानं आलटूनपालटून केली. सरावात पहिला गट पुढे होता. पण दहा मिनिटांनी आणि दहा दिवसांनी तपासलं, तेव्हा दुसरा सरस निघाला. प्रयोग गिटारवर नव्हता, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका. स्वतःवर तपासा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, गिटार हातात घेतल्याबरोबरचा पहिला प्रयत्न मोजा. साचा तोच, अटही तीच: न चुकता सलग दोन फेऱ्या. आकडा लहान येईल, मन खट्टू होईल. तरी तोच लिहा.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रशिक्षण संपल्या संपल्या चाचणी घ्यायचो. आलेख देखणे यायचे. सगळं पुन्हा करावं लागलं, सहा महिने गेले. म्हणून सांगतो, काय मोजायचं यासोबत केव्हा मोजायचं हेही आधीच लिहून ठेवा.