मालक बदलला, पण नोकरीची वर्षे कुणाकडे?

चिंचोळी एमआयडीसीत एखादी कंपनी विकली जाणार अशी कुणकुण लागली की दुपारच्या डब्यावर दोनच मते ऐकू येतात. एक, ‘आता सगळ्यांना घरी बसवणार.’ दुसरे, ‘कायदा आहे, कुणी हात लावू शकत नाही.’ दोन्ही अर्धवट आहेत. कायद्यात याबाबत नेमके काय आहे, हे सोलापूर जिल्ह्याला तरी ठाऊक असायला हवे, कारण त्याचे आजचे रूप घडले ते आपल्याच बार्शी लाईट रेल्वेवरून.

कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली. सरकारने ती विकत घेतली आणि १ जानेवारी १९५४ पासून ताब्यात घेतली. त्याआधी, नोव्हेंबर १९५३ मध्ये, कंपनीने कामगारांना नोटीस दिली: ३१ डिसेंबरला सर्वांची नोकरी संपेल, ज्यांना सरकारकडे काम करायचे असेल त्यांना सरकार सामावून घेईल. म्हणजे गाड्या त्याच राहणार, रूळ तेच राहणार, नोकरी मात्र एका संध्याकाळी संपणार आणि दुसऱ्या सकाळी नव्याने लागणार.

कामगार कपातीची भरपाई देणारी तरतूद त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायद्यात आली होती. बार्शी लाईटच्या युनियनने तिच्या आधारे भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल फिरवला. चालू धंद्यात जादा ठरलेल्या माणसांना काढणे म्हणजे कपात. धंदाच दुसऱ्याच्या हाती गेला म्हणून नोकरी संपली तर ती कपात नव्हे, असा त्याचा सारांश. या निकालाने देशभरच्या कामगारांच्या पायाखालची जमीन सरकली. संसदेला १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि कलम २५ एफएफ नव्या रूपात आले. ते मागील तारखेपासून लागू झाले खरे, पण फक्त नोव्हेंबर १९५६ च्या अखेरीपर्यंतच मागे गेले. ज्यांच्या लढ्यामुळे ते आले, त्या बार्शी लाईटच्या माणसांपर्यंत ते पोहोचलेच नाही. मला ही गोष्ट आजही अन्यायाची वाटते.

हे कलम काय सांगते? उद्योग दुसऱ्याच्या मालकीचा झाला, तर वर्षभर सलग सेवा केलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळाले पाहिजे. ही भरपाई टळते ती तीन गोष्टी एकत्र जमल्या तरच. सेवेत खंड पडता कामा नये, नव्या अटी पूर्वीपेक्षा वाईट असता कामा नयेत, आणि उद्या कपात झालीच तर नव्या मालकाने जुनी वर्षेही मोजली पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण तिच्यातही हीच तरतूद आहे.

म्हणून ‘नव्या मालकाला सगळ्यांना ठेवावेच लागते’ हा समज चुकीचा. अनाकापल्लीच्या साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कलमाने मिळतो तो भरपाईचा हक्क. ती घेऊन वर नव्या मालकाकडे नोकरीचाही हक्क सांगता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. ‘माणसेही यंत्रांबरोबर विकली जातात’ हे खोटे आहे. संमतीशिवाय कामगाराला नव्या मालकाकडे ढकलता येत नाही, हे त्याच न्यायालयाने २०११ मध्ये फिलिप्सच्या कोलकात्यातील कारखान्याच्या प्रकरणात सांगितले.

सर्वांत फसवा समज मात्र वेगळाच आहे: ‘पगार तोच आहे, म्हणजे काही बिघडले नाही.’ बार्शी लाईटच्या निकालपत्रातच याचे उत्तर आहे. सुमारे ७७ टक्के लोकांना सरकारने त्याच वेतनश्रेणीत घेतले. सुमारे २३ टक्क्यांना काहीशा खालच्या श्रेणीत घेतले, पण हातात येणारा पगार कमी केला नाही. जेमतेम २४ जणांनी सरकारी नोकरी नाकारली. त्या २३ टक्क्यांच्या घरात जानेवारीचा पगार डिसेंबरइतकाच आला असेल. पण श्रेणी खाली गेली की वाढीची मर्यादा खाली येते, आणि त्याचा फटका पुढची कित्येक वर्षे बसतो. पहिल्या महिन्याची पगारचिठ्ठी पाहून निश्चिंत झालेल्या माणसाला हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

बँकांचे विलीनीकरण सक्तीचे असेल तर चित्र बरेच बरे असते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली ती बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली. त्यात सेवा त्याच अटींवर चालू ठेवणे आणि तीन वर्षांच्या आत पात्रतेप्रमाणे नव्या बँकेतील बरोबरीच्या पदाइतके वेतन देणे, हे योजनेतच घालावे लागते. कारखान्यातल्या माणसाला असे संरक्षण का नसावे, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

आणि नुसते शेअर विकले गेले तर? मार्च २०२२ मध्ये किर्लोस्कर फेरसने आयएसएमटी या कंपनीचे बहुसंख्य शेअर घेतले, तेव्हा तिच्या बारामतीच्या कामगाराचा कायदेशीर मालक आयएसएमटीच राहिला. अशा व्यवहारात हस्तांतराच्या भरपाईचा प्रश्नच येत नाही. जुना करार, जुनी सेवा तशीच चालू राहते. तरीही साहेब, शिफ्ट, बढतीची पद्धत बदलू शकते. व्यवस्थापकांना तर कामगारांसाठीच्या या भरपाईचा आधारच नसतो. त्यांचा भरवसा नियुक्तिपत्रातल्या अटींवर.

त्यामुळे हस्तांतराच्या वेळी हाती येणाऱ्या पत्रात पगाराच्या आकड्याआधी रुजू झाल्याची तारीख पाहावी. ती जुनीच आहे, की व्यवहाराच्या दिवसाची? ग्रॅच्युइटीला साधारणतः पाच वर्षांची सलग सेवा लागते. चार वर्षे झालेल्याची तारीख नव्याने पडली, तर त्याची मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. मग श्रेणी पाहावी, शिल्लक रजा पाहाव्यात. प्रॉव्हिडंट फंडाची जुनी थकबाकी असेल तर भविष्य निर्वाह निधी कायद्याने ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मालकांकडून मागता येते. नव्याची जबाबदारी मात्र त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतीच असते. पत्रावर सही करण्याआधी त्याची एक प्रत युनियनला दाखवावी, युनियन नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारावे.