हरवलेला चेंडू आणि तीन मिनिटे

थळ म्हटले की बाहेरच्या माणसाला खतांचा कारखाना आठवतो. इतिहासाची थोडी आवड असेल तर समोरच्या समुद्रातील खांदेरीचा किल्ला आठवतो. गोल्फ मात्र कोणालाही आठवणार नाही, आणि त्यात आठवणाऱ्याचा काहीच दोष नाही. आमच्या किनाऱ्यावर खेळतात ते क्रिकेट, तेही ओहोटी असेल तोवर. चेंडू सुरूच्या बनात किंवा कोणाच्या वाडीत गेला, की आमचा नियम एकच : ज्याने मारला त्याने आणायचा. नाही सापडला तर खेळ संपला आणि भांडण सुरू! हरवलेल्या चेंडूवर जगात कोणी शतकानुशतके विचार करीत आले असेल, हे मला ठाऊक नव्हते. ते कळले माझ्या मामामुळे.

मामा मुंबईत एका गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा, चेंडूवर नजर ठेवणारा आणि वेळप्रसंगी सल्लाही देणारा माणूस. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो आणि चार दिवस त्याच्या जोडीने पिशवी उचलली. खेळ दिसायला सोपा. ठरलेल्या जागेवरून चेंडू मारीत जायचे आणि कमीत कमी फटक्यांत तो दूरच्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे.

तिसऱ्या दिवशी स्पर्धा होती. आमच्या साहेबांचा पहिलाच फटका उजवीकडे उंच गवतात गेला. मी धावलो. गवत चाळता चाळता मला एक पांढरा चेंडू दिसला. कंपनी तीच, त्यावरचा आकडाही तोच. परंतु साहेबांनी आपल्या चेंडूवर पेनने दोन निळे ठिपके काढले होते आणि या चेंडूवर ठिपके नव्हते. हे मी पाहिले. तरीही मी ओरडलो, “सापडला!”

साहेब आले. जागेवर खूण करून त्यांनी चेंडू उचलला, फिरवून पाहिला आणि होता तेथे ठेवून दिला. “हा माझा नव्हे,” एवढेच म्हणाले. मामाने घड्याळ पाहून मान हलवली. साहेब उन्हातून जेथून आले होते तेथे परत चालू लागले. मागून येणारे खेळाडू खोळंबून उभे होते.

रात्री खोलीवर मामाने विचारले, “ठिपके नाय दिसले तुला?”

मी गप्प.

“मग तू चेंडू नाय शोधलास. बक्षीस शोधलंस.”

त्यानंतर त्याने मला जो धडा दिला, तो येथे थोडक्यात सांगतो.

गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधील लीथ येथील. त्या वेळी आपल्याकडे साताऱ्यास शाहू महाराज छत्रपती होते. नियम अवघे तेरा, परंतु त्यांतही हरवलेल्या चेंडूची सोय आहे. शेवटचा फटका जेथून मारला तेथे परत जा, दुसरा चेंडू टाका, आणि प्रतिस्पर्ध्याला एका फटक्याचा लाभ द्या. नियमांचा ग्रंथ पुढे पुष्कळ वाढला, पण आजचे मूळ सूत्रही हेच आहे. म्हणजे शिक्षा दुहेरी. अंतरही गेले आणि फटकाही गेला. पहिला फटका एक, दंडाचा एक, आणि परत येऊन मारलेला मोजायचा तिसरा.

चेंडू ‘हरवला’ केव्हा म्हणायचे? खेळाडूने किंवा त्याच्या कॅडीने शोधायला सुरुवात केल्यापासून तीन मिनिटांत सापडला नाही तर. पूर्वी ही मुदत पाच मिनिटांची होती; २०१९ च्या नियमांनी ती तीनवर आणली. माझे धावणे म्हणजेच साहेबांच्या घड्याळाची सुरुवात होती! मात्र चेंडू मुदतीत दिसला आणि तो आपलाच हे ओळखायला थोडा वेळ लागला, तर तो सापडलाच असे धरतात. १९९८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये मार्क ओमीरा या अमेरिकन खेळाडूला याचा लाभ झाला. त्याचा चेंडू पाच मिनिटांच्या आत मिळाला होता, ओळख तेवढी नंतर पटली. पंचांनी तो ग्राह्य धरला आणि ती स्पर्धा शेवटी ओमीरानेच जिंकली.

आता कोणी म्हणेल, हरवल्यावर एवढे मागे चालत जायचे म्हणजे वेळेचा खोळंबा! त्यावरचा उपाय म्हणजे ‘प्रोव्हिजनल’ चेंडू. आपण त्याला हंगामी चेंडू म्हणू. पहिला चेंडू हरवला असावा किंवा हद्दीबाहेर गेला असावा अशी शंका आली, की शोधायला जाण्यापूर्वीच तेथून दुसरा मारून ठेवायचा. पहिला सापडला नाही तर कचेरीतील हंगामी कारकुनासारखा हा चेंडू कायम होतो, दंडासह. पहिला मुदतीत, हद्दीच्या आत सापडला, तर हंगामी चेंडू सोडून द्यावा लागतो. पहिला जेथे असावा त्या जागेपर्यंत पोहोचेतो हंगामी चेंडू कितीही वेळा मारता येतो. त्या जागेहून खळग्याच्या जवळ असलेल्या ठिकाणावरून मारला, की पहिल्यावरचा हक्क संपतो. चेंडू फक्त लाल-पिवळ्या खुणांनी आखलेल्या पाण्याच्या भागातच गेला असे ठाऊक असेल, तर ही सवलत नाही. त्याची व्यवस्था वेगळी आहे.

सर्वांत महत्त्वाची अट बोलण्याची. मारण्यापूर्वी “हा प्रोव्हिजनल” असे स्पष्ट सांगावे लागते. “दुसरा मारतो” एवढे पुरत नाही. मामाच्या शब्दांत, “बोललास तर तो हंगामी, नाय बोललास तर तोच खरा.” न सांगता मारला, तर पहिला चेंडू पुढे रस्त्यात चकाकत पडलेला असला तरी तो बाद.

मी विचारले, “मामा, हंगामी चेंडू खळग्याला चिकटला आणि पहिला काटेरी झुडपात असला, तर चांगला तोच घ्यायचा ना?” मामा हसला. निवड नाही! “माझा पहिला हरवला” असे नुसते जाहीर करून तो हरवत नाही. आपण शोधला नाही तरी चालते, पण प्रतिस्पर्ध्याला शोधण्याचा हक्क आहे, आणि अशा वेळी तो फार मन लावून शोधतो म्हणे.

आणि कावळ्याने नेला तर? थळच्या सुकत्या मासळीवर टपलेले कावळे पाहिलेल्या मला ही शंका येणारच. थांबलेला चेंडू पक्ष्याने उचलल्याचे कोणी पाहिले असेल किंवा तशी जवळजवळ खात्री असेल, तर दंड नाही. त्याच जागी दुसरा ठेवायचा. नुसता संशय असेल तर मात्र चेंडू हरवलाच. ‘जवळजवळ खात्री’ म्हणजे शंभरात निदान ९५, असेही नियमात सांगून ठेवले आहे.

साहेबांनी त्या दिवशी हंगामी चेंडू मारला नव्हता, म्हणून ती पायपीट. मी दाखविलेला चेंडू त्यांनी मारला असता तर कोणाला कळले असते? परका चेंडू मारण्याला दोन फटक्यांचा दंड आहे, पण तो लावायला गवतात पंच उभा नसतो. चेंडू आपला की परका, हे ठरविणारा पहिला माणूस खेळाडू स्वतः, आणि दुसरा त्याचा कॅडी. त्या दिवशी पहिला खरा निघाला आणि दुसरा खोटा.

हंगामी चेंडूचा नियम मला म्हणूनच आवडतो. निकाल कळण्याआधी बोला, असे तो सांगतो. परीक्षेचा निकाल लागल्यावर “मी मनापासून बसलोच नव्हतो” असे म्हणणारे आपल्या वर्गात कमी नाहीत. त्यांत मीही आहे. गोल्फमध्ये तसे म्हणता येत नाही.

सुट्टी संपवून थळला परतलो. दुसऱ्याच दिवशी आमचा चेंडू सुरूच्या बनात गेला. शोधता शोधता मला एक चेंडू मिळाला, आमच्याहून नवा आणि टणक. सगळे आनंदाने ओरडले, “सापडला!” मी तो फिरवून पाहिला.

“आपला नाही,” मी म्हणालो. मग भांडण झाले, ते नेहमीपेक्षा मोठे झाले.

— तृतीय वर्ष, कला