शाळेची गाडी : उपकार नव्हे, हक्क!

१९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. स्टेशनाबाहेर बैलगाड्या होत्या. पण पोरे महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला. अट अशी की, गाडी पोरांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार! १९२९ मध्ये चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बॅरिस्टर आंबेडकरांनाही नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणारा नवखा होता. बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले, पाय मोडला. गाडीत कोण बसणार आणि ती कोण हाकणार, हा प्रश्न आपल्या देशात कधीच साधा नव्हता.

आज मालवण किनाऱ्यावर तोंडावर गाडी नाकारणारा भेटणार नाही. पण आमच्या गावोगावच्या बौद्धवाड्या बहुधा गावाच्या कडेलाच आहेत. कागदावर गाव एक असते. दप्तर घेऊन पावसात चालणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला वाडी आणि शाळा यांतले अंतर पायांनी मोजावे लागते. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी मागवले. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांत पट कमीच असणार. शाळा लांब गेली तर पहिली गळती कुणाच्या घरातून होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. तशी शाळा देता येत नसेल तिथे मुलांच्या मोफत वाहतुकीची सोय करणे हे शासनाचेच काम आहे. म्हणून शाळेची गाडी ही कुणा दात्याची मेहेरबानी नव्हे.

ही गाडी कशी असावी? उत्तर माथेरानने दाखवले आहे. तिथे माणूस माणसाला ओढत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला आणि शाळकरी मुलांनाही त्यांचा उपयोग झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, रिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्या आणि पैसा नाही ही सबब सांगू नका, असे न्यायालयाने बजावले. यंत्र आले पण श्रमिक हद्दपार झाला, असे होऊ नये, हा या निकालाचा गाभा आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की हाच न्याय वाडीतल्या मुलांना लावा. तारकर्ली-देवबागसारख्या सपाट रस्त्यावर ई-रिक्षा सहज चालेल. चढणीच्या गावांना अधिक ताकदीची विजेवरची तीनचाकी लागेल. पण सावध राहा. मालवाहू ई-कार्ट माल नेण्यासाठी आहे. तिच्या हौद्यात मुले कोंबणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. प्रवासी ई-रिक्षात चालक सोडून चारच जण बसू शकतात आणि तिचा वेग ताशी २५ किलोमीटरपुरता मर्यादित आहे. मुले जास्त असतील तर फेऱ्या वाढवा, गर्दी नको. पावसाला बंदिस्त कड हवी, चालकाकडे परवाना हवा.

कार्यकर्त्यांनी आता काम हाती घ्यावे. वाडीच्या शेवटच्या घरापासून शाळेच्या दारापर्यंतचे अंतर, मूल ज्या वाटेने चालते त्याच वाटेने, मोजा. मुलांची यादी करा. ग्रामसभेत ठराव मांडा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. गाडीची मालकी ठेकेदाराकडे नव्हे, वाडीतल्या महिला बचत गटाकडे मागा.

मसूरला मुलांना गाडी हाकावी लागली, कारण गाडीवानाला त्यांचा विटाळ होत होता. आज आमच्या मुलींच्या शाळेची गाडी त्यांच्याच आया हाकतील, आणि त्या गाडीत गावातली सगळी मुले बसतील. जयभीम!